तीन कानांचा तंदूर

"आठ म्हणजे आठ," असं रोलानने आदल्या संध्याकाळी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. पावणेअकराला त्याची मोटरबोट चोल्पोन-अताच्या धक्क्याला लागली, तेव्हा तोच हात त्याच छातीवर ठेवून तो म्हणाला, "काय करणार, लाटा होत्या." इसिक-कुल सरोवर त्या वेळी परातीतल्या पाण्यासारखं निपचित पडलं होतं. बुरुलने एकदा सरोवराकडे पाहिलं, एकदा रोलानकडे पाहिलं, आणि पिशवी खांद्याला लावली. ज्याला धड खोटंही बोलता येत नाही त्याच्याशी वाद घालण्यात आपलाच कमीपणा, असं तिने एकसष्ट वर्षांत ठरवून टाकलेलं होतं.

तीन उन्हाळ्यांपूर्वीपर्यंत हा रोलान याच किनाऱ्यावर सुट्टीला आलेल्या लोकांना उंटावर बसवून फोटो काढून द्यायचा. पुढे उंट मेला. मग त्याने कुठूनतरी हवेच्या जुन्या टाक्या आणि रबरी पोशाख पैदा केले, एका टपरीला निळा रंग फासला आणि वर पाटी लावली: 'बुडालेलं शहर. पाण्याखाली चला, पूर्वजांना भेटा.' पूर्वजांच्या मानाने उंट बरा होता, निदान तो खरा तरी होता.

"अपा, रागावू नका ना," सून म्हणाली. आयझिरेक तिचं नाव. बँकेत कामाला होती आणि जगातल्या प्रत्येक दुकानाला लोकांनी किती तारे दिलेत हे तिला तोंडपाठ असायचं. सासू संग्रहालयातून निवृत्त झाली म्हणून ही सफर तिनेच भेट दिली होती. "याच्याबद्दल सगळ्यांनी चांगलंच लिहिलंय."

"सगळ्यांनी म्हणजे कोणी?"

"लोकांनी."

"लोकांनी उंटाबद्दलही चांगलंच लिहिलं असेल," बुरुल म्हणाली. "उंटाने काय लिहिलं असतं ते बघायला हवं होतं."

सून हसली. बुरुल हसली नाही. ती इथे हवा खायला आली नव्हती. ती नवऱ्याचा तंदूर बघायला आली होती.

शेरबोतो नौदलात पाणबुड्या होता. व्लादिवोस्तोकहून परत आला आणि सरोवराच्या तळाशी जुनी वस्ती शोधणाऱ्या मोहिमेत बुड्या मारायला लागला. विद्वान लोक बोटीवर छत्रीखाली बसायचे, हा खाली जायचा. चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात एके दुपारी तो वर आला आणि ओल्या हातानेच त्याने एक चित्र काढलं. सात मीटर खोल, गाळात अर्धा रुतलेला, कमरेएवढा गोल तंदूर. आणि त्याच्या काठाला तीन कान.

मोहिमेतल्या मोठ्या लोकांनी नंतर एकदा शोध घेतला, पण त्या दिवशी वारा होता, पाणी गढूळ झालं होतं आणि कुणाला काही सापडलं नाही. मग सगळे मूग गिळून बसले. संग्रहालयातले मातीच्या भांड्यांचे जाणकार इस्राइल आगाय तेवढे गप्प बसले नाहीत. चहाच्या वेळी सगळ्यांच्या देखत म्हणाले, "तीन कानांचा तंदूर? शेरबोतो, दोन त्याचे असतील रे. तिसरा तुझाच, डोळ्यांवरच्या काचेत दिसला असेल." सगळी खोली खदखदा हसली. शेरबोतोसुद्धा हसला. बुरुल हसली नाही. ती त्याच खोलीत फुटकी मडकी जोडायचं काम करायची, इस्राइल आगायच्या शेजारच्या टेबलावर. त्या दिवसापासून पुढची अकरा वर्षं ती त्यांच्याशी बोलली नाही. दोघांना डिंकाची बाटली एकच होती, ती ते न बोलता इकडून तिकडे सरकवायचे.

न बोलता तिने तीन पानांचा लेख लिहिला. कान तीन का, तर दोर बांधायला. तीन कानांना तीन दोर बांधायचे, वर एक गाठ, की एवढा मोठा तंदूर सरळ उचलता येतो, कलंडत नाही. फिरत्या लोकांना ते सोयीचं. लेख कुणी छापला नाही. शेरबोतो पुढे शहराच्या पाणीखात्यात लागला, त्याने चित्राला चौकट करून ते स्वयंपाकघरात टांगलं, आणि सहा वर्षांपूर्वी तो गेला. आयुष्यात त्याने एकच गोष्ट शोधली आणि ती कुणी मानली नाही, हे बुरुलला त्याच्या मरणापेक्षाही जास्त खुपत होतं. आता एकदा खाली जायचं, तंदूरला हात लावायचा, फोटो काढायचा आणि तो फोटो इस्राइल आगायच्या पुढ्यात आपटायचा. म्हाताऱ्याने ऐंशी ओलांडली होती, पण अजून रोज चहाला संग्रहालयात येत होता. जाण्याआधी त्याने तो फोटो बघायला हवा होता.

म्हणूनच आदल्या संध्याकाळी रोलानच्या टपरीत तिचं डोकं फिरलं. भिंतीवर हातभर मोठं रंगीत चित्र होतं आणि खाली लिहिलेलं होतं, 'शेरबोतोचा तंदूर! जगात एकच!' चित्र तेच होतं. काठाची डावी रेघ दोनदा काढायची शेरबोतोची खोडसुद्धा त्यात तशीच उतरली होती. कुठल्यातरी ग्रंथालयातल्या जुन्या अहवालातून या उंटवाल्याने ते उचललं होतं.

"हे माझ्या नवऱ्याने काढलंय," ती म्हणाली.

रोलानचा चेहरा क्षणभर चोरासारखा झाला आणि दुसऱ्या क्षणी जावयासारखा. "एजे! ताई, अहो, बसा, बसा. तुम्हाला देवानेच धाडलंय. मी रोज लोकांना त्यांचं नाव सांगतो. रोज. किती थोर माणूस."

बुरुलला तो आवाज, ती टपरी, त्या टपरीतला वास, सगळ्याचीच किळस आली होती. आणि तरी तिला आनंद झाला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्या तंदूरला शेरबोतोचं नाव दिलं होतं, मग तो उंटवाला का असेना. त्या आनंदाच्या भरात तिने पुढ्यातल्या सफरीच्या कागदावर न वाचता सही ठोकली. बाहेर आल्यावर स्वतःचीच लाज वाटली. संग्रहालयात ती पावतीसुद्धा दोनदा वाचायची.

बोटीवर आणखी दोन गिऱ्हाइकं होती. करागंदाचा येरसाइन, फ्रिजचा व्यापारी, आणि त्याची बायको मारझान. येरसाइन एकदा इजिप्तला जाऊन समुद्रात उतरून आला होता आणि हे त्याने बोट सुटायच्या आत तीन वेळा सांगितलं.

"तिथे मासे असे अंगावर येतात, असे," तो म्हणाला.

"तुमच्याकडून फ्रिज घ्यायला येत असतील," मारझान म्हणाली. तिला फक्त केस ओले व्हायला नको होते. ती वरच बसणार होती.

रोलानने सगळ्यांना रबरी पोशाख वाटले. बुरुलच्या पोशाखातून आधीच्या माणसाची वाळू निघाली. तो बेतला होता अशा कुणासाठी, ज्याचं पोट तिच्या दुप्पट आणि पाय निम्मे असावेत. मागची चेन अर्ध्यावर अडकली तेव्हा रोलानने ती दोरीने बांधली आणि म्हणाला, "अशीच पद्धत आहे." मग त्याने पाण्याखालचे नियम सांगितले. नियम असे होते: "श्वास घ्या. श्वास सोडा. मध्ये थांबू नका. बाकी गेना बघेल."

गेना म्हणजे त्याचा पाणबुड्या. पन्नाशीचा, उन्हाने सोललेला रशियन माणूस. त्या बोटीवर टाक्यांचे नळ फिरवून तपासणारा आणि तोंडात धरायचा रबरी तुकडा स्वतः ओढून बघणारा तो एकटाच होता. बोलत मात्र नव्हता. रोलान त्याच्या वाट्याचंही बोलून घेत होता.

बोट निघाली. चांगला अर्धा तास तिने सरोवरात फेरी मारली, एका टेकाडाला वळसा घातला, परत फिरली, आणि निघाली तिथून हाकेच्या अंतरावर येऊन थांबली. समोर जुन्या आरोग्यधामाची विटांची चिमणी दिसत होती. तिच्यासमोरच्या बाकावर बसून आयझिरेकने सकाळी समोसा खाल्ला होता.

"हे काय, इथेच?" आयझिरेक म्हणाली. "मी चालत आले असते."

"शहर बुडालं तेव्हा त्यांनी मला विचारलं नाही, बहिणी," रोलान म्हणाला आणि स्वतःच हसला.

आधी बुरुल. तो मान तिला मिळाला होता. गेनाने तिच्या कमरेला वजनाचा पट्टा बांधला, डोळ्यांवर लावायच्या काचेत थुंकून ती चोळली, तिच्या तोंडावर बसवली आणि हात धरून तिला खाली नेलं. कान दुखले, मग मोकळे झाले. काचेत कडेने पाणी झिरपत होतं. पाणी गार होतं आणि इतकं स्वच्छ होतं की आपला श्वास फुगे होऊन वर जाताना तिला पार बोटीच्या बुडापर्यंत दिसला. त्या एका मिनिटात तिला रोलानचाही राग आला नाही. शेरबोतो इथे यायचा, एवढंच मनात होतं.

मग आलं रोलानचं बुडालेलं शहर. वाळूवर सात-आठ मडकी मांडून ठेवली होती, लग्नाच्या घरी रुखवत मांडावं तशी. एक आडवं, एक उभं, एक मुद्दाम अर्धं पुरलेलं. जुनी मडकी चाळीस वर्षं हाताळलेल्या बाईला ती काय आहेत हे लांबूनच कळलं. तरी तिने एक उलटं करून पाहिलं. बुडाला बाजारातल्या दुकानाची चिठ्ठी चिकटलेली होती, पाण्याने फिकटलेली. तिने ती चिठ्ठी गेनाच्या काचेसमोर धरली. गेनाने नजर दुसरीकडे वळवली.

गेनाने हात ओढला. ते आणखी थोडे पुढे, थोडे खोल गेले आणि तिला तो दिसला.

कमरेएवढा. गोल. गाळात अर्धा रुतलेला, हिरव्या शेवाळाने मढलेला. काठाला तीन कान. चित्रात होता तसाच्या तसा, डावीकडे किंचित कललेला. पाण्याखाली रडता येतं हे तिला माहीत नव्हतं, पण येतं. ती गुडघ्यांवर टेकली आणि तिने दोन्ही हात त्याच्यावर ठेवले.

हातांना लगेच कळलं.

तरी तिने नखाने खरवडलं. शेवाळ निघालं आणि खालून करडं सिमेंट वर आलं, त्यात खडी. तिने कानाला बोट घातलं. कान लोखंडी होता, बोटाएवढ्या सळीचा, गंजाने फुगलेला. हे विहिरीचं किंवा गटाराचं सिमेंटचं कडं होतं, असली कडी कुठल्याही रस्त्याच्या कामावर ओळीने पडलेली असतात. तिला इतका संताप आला की श्वास घ्यायचा, सोडायचा, हा एकुलता एक नियमही ती विसरली. गेनाने तिला दंडाला धरून हळूहळू वर आणलं.

वर येरसाइन पाण्यात उतरायला शिडीवर उभाच होता. त्याला घेऊन गेना पुन्हा खाली गेला. बुरुलने तोंडातला तुकडा काढला, काच काढली, सुनेने दिलेला टॉवेल घेतला नाही, आणि सरळ बोटीच्या मागच्या टोकाला जाऊन इंजिनाच्या आवाजात रोलानला गाठलं.

"कधी टाकलंस ते?"

"काय टाकलं, एजे?"

"सिमेंटचं कडं. मडकी मांडलीस, मांड. ज्याला मडक्यातलं कळत नाही त्याने फसावं. पण त्याच्या नावाने तू गटाराचं कडं ठेवलंस? मेलेल्या माणसाच्या नावाने? उंटाच्या पाठीवरून उतरलास आणि थेट लोकांच्या बापजाद्यांच्या पाठीवर बसलास?"

रोलानने आजूबाजूला पाहिलं. येरसाइनची बायको आणि आयझिरेक पुढे गप्पा मारत होत्या. "मडकी माझी," तो खालच्या आवाजात म्हणाला. "कबूल. लोक खाली जातात आणि वाळू बघून वर येतात, त्यांना काहीतरी दाखवायला नको? पण ते कडं माझं नाही."

"मग कुणाचं?"

"एजे, ते सातशे किलोचं आहे. माझ्याकडे क्रेन असती तर मी हा धंदा केला असता का?" त्याने बाकाखालून प्लास्टिकची पिशवी ओढली, आतला कागद काढला. जुन्या अहवालाचं पान होतं, शेरबोतोच्या बारीक, मागे झुकलेल्या अक्षरातलं. "वाचा. चिमणी आणि पंपघराचं छप्पर एका रेषेत. किनाऱ्यापासून दोनशे दहा पावलं. खोली सात मीटर. मी लिहिलंय तिथे गेलो. तिथे हेच होतं. कललेलंसुद्धा तसंच."

"खोटं बोलतोस."

"बोलतो. रोज बोलतो. हे नाही."

तेवढ्यात गेना येरसाइनला घेऊन वर आला होता आणि शेजारी बसून टाकीचे पट्टे सोडत होता. तो त्या दिवशी पहिल्यांदाच बोलला, तेही पट्ट्यांकडे बघत. "ते माझ्या बापाने पाडलं."

बुरुलने त्याच्याकडे पाहिलं.

"एकोणऐंशी साली. आरोग्यधामाचं पंपघर बांधत होते. बाप क्रेनवर होता. कडी उतरवताना साखळी सुटली. चार पडली, तीन काढली, हे राहिलं. पगार कापला त्याचा. घरात वर्षभर दुसरा विषय नव्हता."

"आणि ते कान?"

"उचलायचे आकडे आहेत. तीन असतात. तीन साखळ्या लावायच्या, वर एक हूक, की सरळ उचललं जातं."

"कलंडत नाही," बुरुल म्हणाली.

"नाही कलंडत," गेना म्हणाला.

म्हणजे तिचा लेख बरोबर होता. तीन पानांतलं अक्षर न् अक्षर बरोबर होतं. तीन कान, तीन दोर, वर एक गाठ. इस्राइल आगायशी अकरा वर्षं अबोला धरून तिने जे सिद्ध केलं होतं ते सिमेंटच्या कड्याबद्दल अगदी खरं होतं.

एकोणऐंशी. चौऱ्याऐंशी. हिशेब तिसरीतल्या पोराला जमला असता. ती बाकावर बसली. शेरबोतो नौदलात काय करत होता? बंदरांच्या भिंती दुरुस्त करत होता, पाण्याखाली, सिमेंटच्या. त्याने याला हात लावला नसेल? हात न लावता त्याने कधी साधं टरबूज विकत घेतलं नाही. विद्वान लोक परत शोधायला गेले त्या दिवशी त्याला ताप होता. पुढच्या उन्हाळ्यात पाठ धरली होती. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मोहीमच संपली. त्याचं मन दुखावलंय म्हणून तो जात नाही, असं तिने तेव्हा धरलं होतं. आणि ती स्वतः? बिश्केकहून इथे यायला चार तास लागतात. चाळीस वर्षांत कुठल्याही रविवारी, कुठल्याही कोळ्याच्या होडीतून, कुणालाही एकदा खाली पाठवून एक खपली आणवता आली असती. खपली बघून तिने एका मिनिटात सांगितलं असतं. तिने कधी कुणाला पाठवलं नाही. लेख लिहिला. तिला शेरबोतोचा भयंकर राग आला, आणि तो राग ज्याच्यावर काढायचा तो स्वयंपाकघरात नव्हता, कुठेच नव्हता.

"तुला कधी कळलं?" तिने रोलानला विचारलं.

"दुसऱ्या दिवशीच. गेनाने सांगितलं." त्याने कागद पुन्हा पिशवीत घातला. "पण पाटी रंगवून झाली होती, एजे. आणि नाव छान होतं."

समोर येरसाइन केस पुसत बायकोला सांगत होता, "मडकी होती. ठीक होती. पण तो तंदूर, खरं सांगू? आपल्या गोदामामागे गटाराचं काम चाललंय ना, तिथे तसलंच पडलंय. मी शंभर वेळा बघितलंय."

"तुम्हाला सगळीकडे गोदामच दिसतं," मारझान म्हणाली, पण रोलानकडे बघून.

रोलान घाबरला नाही. असल्या येरसाइनसाठी त्याच्याकडे औषध होतं. त्याने डोक्यावरची उंच पांढरी, लोकरीच्या नमद्याची टोपी काढली, उलटी धरली आणि घसा साफ केला. "चला मंडळी, कोरुमदुक."

कोरुमदुक तिथे कुणाला सांगावं लागत नाही. नवी सून पहिल्यांदा पाहिली, तान्हं बाळ पाहिलं, कुणाचा नवा घोडा पाहिला, की पाहणाऱ्याने काहीतरी हातावर ठेवायचं. ठेवलं म्हणजे पाहिलं आणि शुभ चिंतलं. मग मागाहून सुनेच्या नाकाबद्दल बोलायचं नाही. चांगली, घरंदाज रीत होती. या हलकटाने ती सरोवराच्या तळाला नेऊन लावली होती. "पूर्वजांचं घर आज पहिल्यांदा पाहिलंत," तो म्हणाला, "रिकाम्या हाताने नाही पाहायचं." आणि त्यात त्याने चोख काम केलं होतं. टोपीत नोट पडली, की माणूस घरी जाऊन शेजाऱ्यांना काय सांगणार? मी गटाराचं कडं बघून कोरुमदुक दिलं? तो तंदूरच सांगणार, वर दोन हात वाढवून सांगणार. आयझिरेकला दिसलेले ते सगळे तारे असेच उगवलेले होते. बुरुलला हे सगळं एका दमात कळलं आणि तिला वाटलं, लोक इतके मूर्ख नसतात, त्यांना फक्त मूर्ख ठरायचं नसतं.

मारझानने नोट टाकली. आयझिरेकने टाकली, दोघी तर खाली गेल्याही नव्हत्या. येरसाइनने पाकीट काढलं, नोट बोटांत धरली आणि थांबला. व्यापारी होता. मालाची खात्री झाल्याशिवाय पैसे सोडायची त्याच्या हाताला सवय नव्हती.

"एजे," तो बुरुलला म्हणाला, "तुम्ही संग्रहालयातल्या. आयुष्यभर हेच केलंत. तुम्ही हात लावून आलात. खरं सांगा, तंदूर आहे का तो?"

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. रोलानने पाहिलं, टोपी तशीच धरून. गेना इंजिनाकडे वळला. आयझिरेक पुढे आली आणि म्हणाली, "अपा? बाबांचाच ना?" तिने सासऱ्याला फार तर चार वर्षं पाहिलं होतं. ती त्याला बाबा म्हणायची, आणि घरी आलेल्या पाहुण्यांना स्वयंपाकघरात नेऊन ते चित्र दाखवायची.

बुरुलकडे आता खरं बोलायची पाळी होती आणि खरं फार सोपं होतं. एक शब्द पुरला असता. त्या एका शब्दाने रोलानची टपरी उठली असती, येरसाइनची नोट पाकिटात परत गेली असती, मडकी, पाटी, तारे, सगळ्या लबाडीचं बिंग फुटलं असतं. सकाळी आठपासून ती याच एका शब्दासाठी दात आवळून बसली होती.

तिने पिशवी उघडली, नोट काढली आणि रोलानच्या टोपीत टाकली.

"तंदूरच आहे," ती म्हणाली. "बाराव्या शतकातला असावा. मातीत खडी मिसळायचे तेव्हा, भाजताना तडकू नये म्हणून. त्यामुळे हाताला सिमेंटसारखं लागतं, फसायला होतं. आणि ते कान आहेत ना, ते दोरांसाठी. तीन दोर, वर एक गाठ. फिरते लोक होते, तंदूर बरोबर न्यायचे. मी यावर लिहिलंय."

आवाज जराही कापला नाही. संग्रहालयात शाळेच्या पोरांना सांगायची तसंच तिने सांगितलं.

"बघ," येरसाइन बायकोला म्हणाला, "मी म्हटलं नव्हतं? गोदामामागच्याला कान दोन असतात." आणि त्याने टोपीत टाकायला आणखी एक नोट काढली.

परतताना आयझिरेकने येरसाइनने खाली आपल्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो स्वतःच्या फोनवर घेतला. हिरवा, धूसर, तीन कान स्पष्ट. "हा इस्राइल आगायना पाठवू? आत्ताच पाठवते."

"नको."

"अहो, तुम्ही त्याचसाठी तर..."

"नको म्हटलं ना. म्हाताऱ्यांना आता असलं काही दाखवू नये." आयझिरेकला वाटलं सासूचं मन मोठं झालंय, आणि तिने प्रेमाने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. बुरुलने ते टेकू दिलं.

धक्क्यावर सगळे उतरले. येरसाइन वाळवलेले मासे घ्यायला गेला, आयझिरेक कोरडा टॉवेल आणायला गाडीकडे धावली. बुरुल त्या दोरी बांधलेल्या पोशाखातून बाहेर पडायची खटपट करत होती, तेव्हा रोलान मागून आला आणि त्याने गाठ सोडली. मग त्याने तिच्यासमोर हात पुढे केला. हातात तिचीच नोट होती, नीट घडी घातलेली.

"हे राहू द्या, एजे."

"का? कमी पडलं?"

"छे, छे. कोरुमदुक बघायला आलेल्याने द्यायचं असतं."

"मीही बघायलाच आले होते."

"आला होतात," रोलान म्हणाला. "पण आता दाखवणाऱ्यांत आलात. दाखवणारे घेतात, देत नाहीत. आता तुमच्याकडून घेणं मला शोभत नाही."

तो चेष्टा करत असता तर तिने त्याच्या कानाखाली आवाज काढला असता. पण त्याच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. त्या दिवसभरात तो पहिल्यांदाच मनापासून बोलत होता, आणि ज्या आदराने बोलत होता तसा आदर तिला चाळीस वर्षांत संग्रहालयात कुणी दाखवला नव्हता. पलीकडून आयझिरेक टॉवेल हलवत येत होती. सुनेने विचारायच्या आत बुरुलने नोट घेतली आणि मूठ मिटली.